दाराने घातलेली संख्या

आगटेकाका एकदा आत आले की दोन तास उठत नसत, म्हणून मृदुलाच्या दाराने त्यांना दहा लाख तीन ही संख्या दिली. नकोशा पाहुण्याने दाराने दिलेल्या संख्येचे अवयव पाडले, तरच दार उघडायचं. ही तर मूळ संख्या, तिचे अवयव पडतच नाहीत. मृदुला निश्चिंत झाली.

काका वही घेऊन जिन्यात बसले. चौथ्या दिवशी दारासमोर उभे राहून म्हणाले, "हजारापर्यंतच्या सगळ्या, एकशे अडुसष्ट मूळ संख्यांनी भागून पाहिलं. कशानेच भाग जात नाही. मूळच आहे ही."

अवयव पडत नाहीत हेच खरं उत्तर होतं; दार उघडलं. मृदुलाने चहाचं आधण ठेवलं.

"चहा नको गं, बसायला वेळ नाही," काका उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "याहून मोठी आहे का एखादी?"