बुक्का लावताना

कीर्तनाआधी बुक्का लावायचं काम मानसीकडे होतं. वेसाव्याच्या देवळात बायका पदर पुढे ओढून रांगेत बसल्या होत्या. एकेकीच्या कपाळाला बोट टेकवायचं, 'रामकृष्ण हरी' म्हणायचं आणि पुढे सरकायचं. मार्तंडबुवा वीणा जुळवत होते, मृदंगाला कणीक लावून झाली होती आणि थाप पडू लागली होती.

ती सरूबाईंपाशी आली. त्यांनी पदर मागे सारला. कपाळ लालभडक, भुवईवरची कातडी सुटलेली.

"लाव ना गो. काय बघतेस?"

"मावशी, हे काय झालं?"

"ऊन, दुसरं काय. बोंबील सुकत घालताना दरवर्षी डोक्यावर फडकं घेतेय. औंदा नाय घेतलं. म्हटलं, आपल्या मानसीचं मलम हाय." सरूबाई हसायला गेल्या आणि कातडी ताणली तशा थांबल्या. "नवी डबी झकास हाय पन. पयल्या डबीनं तोंड पिठात बुडवल्यागत दिसायचं. बाजारात सगळ्या हसायच्या."

अंधेरीच्या प्रयोगशाळेत मानसी उन्हापासून वाचवणारी मलमंच बनवायची. ऊन अडवतं ते झिंक. कोकमाच्या सालीचा अर्क त्याला नुसता हातभार लावतो, हे तिला पाठ होतं. पण तोंड पांढरं दिसायचं ते झिंकमुळेच. नव्या डबीत तिने ते घातलंच नव्हतं. मलमाला सुरेख गुलाबी रंग आला होता. सरूबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली होती.

"मावशी, त्या डबीत ऊन अडवणारं काही नव्हतं. नुसतं कोकम. तुम्हाला आवडावं म्हणून मी बाकीचं काढून टाकलं."

"तुला ठाव होतं?"

"हो."

सरूबाईंनी पदर पुन्हा कपाळावर ओढला.

"ऱ्हाऊ दे माझं. तू पुढं जा," त्या हळूच म्हणाल्या. "पन त्यांना आत्ता काय बोलू नको. कीर्तन तरी ऐकू दे."

"कोणाला, मावशी?"

मृदंगाच्या आवाजात शेजारणीला यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं. तिने पदर मागे सारला, डोळे मिटले आणि कपाळ पुढे केलं.

"रामकृष्ण हरी, बाय," ती म्हणाली.

तिचंही कपाळ लाल होतं. तिच्या पलीकडच्या दोघींचंही. मानसीचं काळं बोट तसंच वर राहिलं.