हाकेचा अलंकार

"पुन्हा विचार कर," बाई गरजल्या. "पुन्हा विचार कर म्हणते मी!"

पहिल्या बाकावरची मुलगी उभी होती. तोंडी परीक्षेचा शेवटचा प्रश्न होता आणि मराठीतला तिचा पहिला नंबर त्यावर अडला होता. बाकी सगळं तिनं घडाघडा सांगितलं होतं. 'काठावर काळोख कोसळे' म्हणजे अनुप्रास. 'नदीने घेतले कानांवर हात' म्हणजे चेतनगुणोक्ती, कारण नदीला कुठले आलेत हात. सोप्या प्रश्नावर मात्र तिचं घोडं अडलं होतं. नावाड्याच्या बायकोवरच्या कथाकाव्यातल्या या दोन ओळींत अलंकार कोणता:

सात उन्हाळे नदी आटली, सात पावसाळे भरून गेली;
रोज सांजेला काठावरुनी त्याच नावाने हाक दिली.

"अतिशयोक्ती म्हण आणि बस खाली," बाई म्हणाल्या. "अतिशयोक्ती म्हण! नावाडी बुडाला, बायकोनं दुःख केलं, इथपर्यंत ठीक. पण सात वर्षं रोज हाका? कवीनं ताणलंय ते. सरळ सरळ ताणलंय."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. बाईंना मुलं 'भोंगाबाई' म्हणत. त्यांचा आवाज शाळेच्या फाटकापर्यंत जाई, आणि त्या प्रत्येक वाक्य दोनदा म्हणत. त्याला कारण होतं. यजमानांना दोन्ही कानांनी कमी ऐकू यायचं. बाईंनी काहीही सांगितलं की ते मान तिरकी करून विचारायचे, "काय म्हणालीस? ऐकू येत नाही." बाई पुन्हा सांगायच्या, आणखी मोठ्यानं. संसारभर हेच चाललं. घरातली सवय वर्गात आली आणि वर्गातली घरी गेली. शेजारीण आधी वैतागून लाटण्यानं मधली भिंत ठोकायची. हल्ली ठोकत नसे. तिलाही सवय झाली असणार, असं बाईंनी धरून चाललं होतं.

त्याच शेजारणीची मुलगी आता खाली मान घालून उभी होती.

"स्वभावोक्ती आहे, बाई," ती हळूच म्हणाली.

"स्वभावोक्ती म्हणजे काय? म्हणजे काय?"

"जे जसं असतं, तसंच सांगणं. तिखटमीठ न लावता."

"असं? मग अशी हाका मारणारी बाई तू कुठं पाहिलीस? सांग ना, कुठं पाहिलीस?"

मुलीनं मान वर करून बाईंकडे पाहिलं. मग मागच्या बाकांकडे नजर टाकली. सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता.

"नाही पाहिली, बाई."

"मग अतिशयोक्ती?"

"नाही, बाई. स्वभावोक्तीच."

बाईंनी शून्य दिलं. पोर हुशार आहे, पण डोक्यात हवा गेली आहे, असं त्यांना वाटलं. मुलगी बसली. शेजारच्या मैत्रिणीनं तिला कोपरानं ढोसलं आणि पुटपुटली, "वेडी आहेस का? एक शब्द म्हणायला काय जात होतं?" तिनं वही मिटून दप्तरात घातली.

संध्याकाळी बाईंनी दाराचं कुलूप काढलं, चपला कोपऱ्यात सारल्या आणि आवाज दिला, "अहो, आले हो मी! आले!"

पर्स खुंटीला अडकवून त्या स्वयंपाकघरात गेल्या. चहाचं आधण ठेवता ठेवता त्यांनी दिवसभराचं गाऱ्हाणं सुरू केलं. "आज डोकं फिरवलं हो त्या शेजारच्या पोरीनं! सात वर्षं रोज हाका मारणारी बाई, आणि म्हणे, असंच असतं! असं कुठं असतं का हो?"

त्या थांबल्या. रोज थांबत, तशाच. मग तेच पुन्हा सांगायला त्यांनी श्वास घेतला.

मधल्या भिंतीपलीकडं टीव्ही मोठ्यानं चालला होता. तेवढ्यात त्या मुलीचा आवाज आला. ती धाकट्या भावाला दटावत होती.

"बारीक कर तो टीव्ही. बाई बोलतायत त्यांच्याशी."

टीव्ही लगेच बारीक झाला. लगेच, म्हणजे हे आजचं नव्हतं. भरून घेतलेला श्वास बाईंच्या छातीतच राहिला. त्यांनी बाहेरच्या खोलीत पाहिलं. खिडकीपाशी आरामखुर्ची होती. खुर्चीच्या हातावर कानाचं यंत्र ठेवलेली डबी होती. यजमानांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. भिंतीवरचं लाटणंही तेव्हापासूनच थांबलं होतं.

चहा उतू गेला. बाई खाली बसल्या आणि रडल्या. दिवस-कार्याला आलेल्या माणसांसमोर आलं नव्हतं तेवढं रडू आलं. आज वर्गात ती पोर त्यांच्याकडे बघत उभी होती. तिला उत्तर येत होतं. तिनं ते रोज भिंतीपलीकडून ऐकलं होतं. सगळ्यांसमोर बाईंकडे नुसतं बोट दाखवलं असतं, तरी तिचा गुण तिला मिळाला असता.

दुसऱ्या दिवशी बाई वर्गात आल्या आणि टेबलाला धरून उभ्या राहिल्या. पहिल्या बाकावरच्या मुलीनं मान वर केली नाही.

"कालचं उत्तर," बाई म्हणाल्या, "स्वभावोक्ती. चूक माझी होती."

एकदाच म्हणाल्या, आणि अगदी हळू.

मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "काय म्हणालात, बाई? ऐकू येत नाही."