कुठं म्हणायचं नाही

"दोन दिल्ली," हिंदुराव तिकिटाच्या खिडकीत तोंड घालून म्हणाला, तेव्हा केम स्टेशनावरचा लिंबसुद्धा पानं हलवायचा थांबला. निदान हमाल बिरप्पा तरी तसं सांगतो, आणि बिरप्पा पावशेराहून जास्त खोटं बोलत नाही.

हिंदुरावाचा जीव त्या खिडकीतच अडकला होता. घराबाहेर पाऊल टाकलेल्या माणसाला कुणी 'कुठं निघालात?' असं विचारलं की जाणं मोडतं. विचारायचंच तर 'लांब का?' म्हणावं. कुणी चुकलंच तर बाकीची माणसं माघारी येऊन घोटभर पाणी पितात आणि पुन्हा निघतात. हिंदुरावाची बायको रंभाबाई मात्र त्या वर्षात पुन्हा निघत नाही. मागं एका नवरदेवाला तिनं याच पायी वेशीवरून परत आणला होता. तो अजून बिनलग्नाचा आहे, आणि सुखात आहे.

म्हणून दिल्लीचा बेत ठरला तसा हिंदुराव घरोघर हात जोडत हिंडला होता. भाचा भीमा दिल्लीच्या छावणीत, आणि त्याची पलटण पुढच्या आठवड्यात हलायची होती. दिल्ली बघायची तर आत्ता, नाहीतर भिंतीवरच्या कॅलेंडरात. आज सकाळपासून अख्ख्या गावात 'कुठं' बंद होतं. न्हाव्यानंसुद्धा गिऱ्हाइकाला 'कुठं कापू?' विचारलं नाही, आणि ते त्या गिऱ्हाइकाच्या मिशीवर दिसत होतं.

राहिला होता एकटा तिकीटबाबू. कमलाकर त्याचं नाव. सोलापुरातून नवा बदलून आलेला.

"नवी दिल्ली की जुनी?" त्यानं विचारलं.

"नवीच द्या, सायेब. जुनं घरात लई हाय."

फलाटावरच्या बाकावर रंभाबाई गाठोड्यांच्या मधोमध बसली होती. गाठोड्यात कडक भाकऱ्या होत्या. किती कडक? बिरप्पानं मघाशी त्यातली एक मालगाडीच्या चाकाखाली दगडाच्या जागी लावली, तर गाडी जागची हलली नाही. पोचवायला आलेली धाकटी जाऊ गोजरबाई शेजारी होती.

"आदी लाल किल्ला," रंभाबाई म्हणाली. "कशानं सारवलाय बघते. गेरू असंल तर ढेकूळभर आनते."

"आक्का, सरकारी हाय त्यो. धरतील की."

"कोपऱ्यातला काडीन. मग कुतुबमिनारावर चडायचं. तितनं केम दिसतंय का बघायचं. दिसलं तर हात करते. तू लाल लुगडं नेसून माळवदावर हुबी ऱ्हा."

"कवा?"

"बुदवारी. पर दुपारची नगं, डोळं दिपत्यात."

गोजरबाईनं गंभीरपणे मान हलवली.

तिकीट झालं. केमवरून दिल्लीचं तिकीट फाडायचा योग कमलाकरला पहिल्यांदाच आला होता. तो इतका हरखला की खिडकी सोडून दारातून बाहेर आला आणि प्रसाद द्यावा तसं दोन्ही हातांनी त्यानं तिकीट दिलं. हिंदुरावानं कोंडलेला श्वास सोडला. फलाटावरची धूळ उडाली.

आणि कमलाकर बाकाकडं वळला. रंभाबाईपुढं वाकून मायेनं म्हणाला, "काय आजी, एवढं सामान घेऊन कुठं निघालात?"

चहावाल्याचा कप भरून वाहायला लागला. बिरप्पानं डोळे मिटले. गोजरबाईनं तोंडाला पदर लावला. "आत्ता गं बया!"

"माझं काही चुकलं का?" कमलाकर बावचळला.

हिंदुरावानं तिकिटाची घडी केली, बंडीच्या खिशात ठेवली आणि गाठोडं उचलायला वाकला. "चल," तो म्हणाला. "घरला चल."

रंभाबाई हलली नाही. तिनं कमलाकरकडं बघितलं. मग रुळांकडं. मग पुन्हा कमलाकरकडं.

"काय म्हनला त्यो?"

"अगं, त्यानं इचारलं की..." पुढचा शब्द हिंदुरावाला उच्चारवेना.

"मला काय ऐकू आलं न्हाय."

"असं कसं? हितं म्होरं हुबा हाय त्यो!"

"वारं हाय की." वाऱ्याचा पत्ता नव्हता.

"म्या ऐकलं, आक्का," गोजरबाई कळवळून म्हणाली.

"मग तू जाऊ नगं."

कमलाकर भला माणूस. म्हातारीला ऐकू येत नाही म्हटल्यावर तो तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, "आजी! कुठं! निघालात!" माळावरचे होले उडाले. मालगाडीचा गार्ड डब्यातून डोकावला.

रंभाबाई गोड हसली. "बरी हाय की, बाबा. तू बरा हायस न्हवं? चार घास खात जा."

हिंदुराव गाठोडं हातात धरून तसाच वाकलेला राहिला. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा बघितलं होतं, तसा तो बायकोकडं बघत होता.

सिग्नल अजून पडला नव्हता. स्टेशनातली घंटा झाली नव्हती. कुर्डुवाडीकडचं पुढचं स्टेशन ढवळस, तेही कोसांच्या अंतरावर, आणि तिकडचे रूळ पार टोकापर्यंत रिकामे होते.

रंभाबाई उठली. पदर खोचला, नवऱ्याच्या हातातलं गाठोडं घेऊन डोक्यावर ठेवलं.

"चला की," ती म्हणाली. "ढवळसला इंजिनानं शिट्टी दिली."