उघडा पडलेला पत्ता

कमलाक्षीनं तिसऱ्यांदा फोन कापला आणि मधुमितानं कपाळावर हात मारून घेतला.

"चोर समजतेय ही मला!"

समजणारच. 'सरकारी ऑफिसातून बोलते' म्हणत लुबाडणारे काय कमी आहेत? अशा फोनला फसू नका म्हणून सरकारच रोज कानीकपाळी ओरडतं. आणि आज फोन खरंच सरकारी ऑफिसातून होता. शिलाई मशीनच्या योजनेची वेबसाइट उघडी पडली होती. अर्जाचा नंबर बदलला की कुणाचाही अर्ज दिसायचा, फोटो आणि पत्त्यासकट. सकाळी ते भोक बुजवलं. "झालं ना दुरुस्त? मग उगाच बोंब मारू नका," असं बजावून साहेब मीटिंगला गेले.

पण मधुमितानं नोंद पाहिली होती. कमलाक्षीचा अर्ज कालपासून एकोणीस वेळा उघडला होता, एकाच मोबाइलवरून. अर्जात लिहिलं होतं, नवऱ्यापासून जिवाला धोका आहे, म्हणून मुलीला घेऊन म्हैसूरच्या गोकुलम भागात राहते. गप्प कसली बसते मधुमिता!

मातृभाषेचा रकाना तिला आत्ता दिसला. मराठी! अरे देवा, आणि आपण मघापासून ऑफिसच्या कन्नडात घसा फोडतोय! शेजारच्या टेबलावरचा फोन उचलून तिनं नंबर लावला.

"अक्का, मी मधुमिता गे, रंगाऱ्यांच्या घरातली. तुझा पत्ता नवऱ्याला मिळालाय बहुतेक. पोरीला घे, आत्ताच्या आत्ता भायेर पड. बेगा, बेगा!"

या वेळी कमलाक्षीनं फोन कापला नाही. "अय्यो! आमच्यातली काय गे तू?"

म्हैसूरच्या रंगारी घरांतलं हे मराठी कुठला लुच्चा बोलणार? कमलाक्षीनं पुढे एक शब्द विचारला नाही.

चाळीस मिनिटं मधुमिताला खुर्चीत बसवेना. मग फोन वाजला. मागे बसचा हॉर्न.

"सुटलो गे! बैलकुप्पेच्या बसमध्ये बसलो. तो पुढच्या दारात उभा होता, आम्ही मागनं पळालो!"

मधुमिता आनंदानं किंचाळलीच. सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. बघू देत! "वाचलीस अक्का, वाचलीस!" डोळे पुसत ती तेच तेच म्हणत राहिली.

"असे किती जणींचे पत्ते दिसले गे?"

"चारशे बारा."

"सगळ्यांना सांगितलंस?"

"नाही गे. तू पहिलीच."

"मग माझ्याशी काय बोलत बसलीस? लाव की पुढचा!"