सतरा नंबरचा भंडारा

या माऊली, जरा जवळ सरका. मोठ्यानं सांगावी अशी ही गोष्ट नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

पडेगावकडच्या एका प्रयोगशाळेत श्रेयाताई सकाळी पिंजरे तपासत होत्या. चोवीस पांढरे उंदीर. प्रत्येकाच्या पाठीवर रुपयाएवढी जागा भादरून तिथं कॅन्सरच्या रोग्याला देतात तसले किरण दिलेले. पहिला आठवडा काहीच दिसलं नव्हतं. मग कातडी लाल झाली, सोलली, आता पाझरत होती. बारा जणांना नवं मलम लावायचं, बारांना काहीच नाही.

सतरा नंबर बिनमलमाचा. त्याच्या पाठीवर आज पिवळं होतं.

"फकिरामामा, हे काय?"

फकिरा पिंजरे धुणारा. अर्धा जन्म मेंढरांमागं गेलेला, कपाळाला खंडोबाचा भंडारा. तो हसला. "भंडारा हाय, ताई. हळदच की. मेंढराला कात्री लागली की आमी हेच लावतो. आठ दिस डोळ्याला डोळा नव्हता बिचाऱ्याच्या. बघा, कसा झोपलाय!"

"मामा, याला काही लावायचं नसतं."

"मंग त्यानं करायचं काय?"

"काही नाही. नुसतं ठेवलं तर किती जळतं, तेच बघायचंय." श्रेयाताई जवळ सरकल्या. "एकट्यालाच लावला ना? तेवढंच सांगा. मग हा एकटाच बाद होईल. नाहीतर हे चोवीसच्या चोवीस मारायचे, आणि नव्या चोवीसांना पहिल्यापासून भाजायचं."

फकिरानं बोटांकडं पाहिलं. अजून पिवळी होती. त्या बोटांनिशी खोटं कसं बोलावं?

"एकाला लावून दुसऱ्याला भंडारा टाळत्यात व्हय, ताई? सगळ्यांनाच लावला. बाकीच्यांनी चाटून टाकला. ह्यो झोपला, म्हणून ऱ्हायला."

दुपारपर्यंत चोवीस पिंजरे रिकामे झाले. फकिरानंच ते धुतले.

सोमवारी नवे चोवीस आले. भादरायचं मशीन त्याच्या हातात देताना श्रेयाताईंनी वर पाहिलं नाही. "मामा, आधी हात धुऊन या. आणि… कपाळही."

फकिरानं नळाखाली आपल्याच हातानं कपाळ पुसलं. पिवळं पाणी पांढऱ्या फरशीवरून मोरीत गेलं.

माऊली, तुमच्या कपाळाला भंडारा लागेल तेव्हा एवढं करा. झोपेतूनच उचललेल्या त्या सतरा नंबरची आठवण ठेवा.