मांडवातले आभार

जवळ सरका, मायबाप, एका शिंपिणीची गोष्ट ऐका. तिचा तरणाताठा लेक गेला. त्यांच्या यहुदी रीतीत अंगावरचा कपडा फाडून सात दिवस जमिनीवर बसायचं; मध्येच सण लागला तर शोक संपवून उठायचं. तिसऱ्याच संध्याकाळी मांडवांचा सण लागला. “ऊठ गं, फाडलेलं पोलकं बदल. पानांच्या मांडवात आभार मानायचेत,” नवरा म्हणाला. “पोर नेलं, आता रडणंही नेतो होय तुमचा देव?” “भांडू दोघं त्याच्याशी, पण आधी चल.” मांडवात त्यानं प्याला उचलला. “देवा, आम्हाला जगवलंस...” पुढचे शब्द फुटेनात. तिनं त्याचा हात धरला. “या दिवसापर्यंत पोचवलंस,” तिनं सणाची ठरलेली प्रार्थना पुरी केली. मग हुंदका फुटला. “आणि वाटेत तो आम्हाला दिलास. एवढ्यासाठीच आभार.” मायबाप, आज ताटावर बसाल तेव्हा त्या लेकराची क्षणभर आठवण ठेवा.