एकशे बाराव्या पानावरचं आकाश

"घेऊ नका ते," अर्नी साबो त्या म्हाताऱ्या बाईंना म्हणाला. "चाळीस डॉलर पाण्यात जातील."

बाईंनी हातातला जाडजूड संग्रह खाली ठेवला नाही. 'लोहपंख' नावाच्या जुन्या सुपरहिरोचे पहिले पंचवीस अंक त्यात एकत्र बांधले होते. फळीला चिकटवलेलं अर्नीचं कार्डही त्यांनी नुकतंच अक्षरन् अक्षर वाचलं होतं.

टोलेडोतल्या लोरेटाच्या कॉमिकच्या दुकानात दर बुधवारी नवा माल येई. दर बुधवारी पाळी संपली की अर्नी बस ड्रायव्हरच्या गणवेशातच तिथे पोचे. जुन्या अंकांचा कुठलाही संग्रह निघाला की तो कागद चोळून बघे, शिवण ताणून बघे, रंग घरच्या जुन्या अंकाशी ताडून बघे आणि एका कार्डावर रोखठोक लिहून देई. गिऱ्हाइकं आधी कार्ड वाचत, मग पुस्तकाला हात लावत.

"सहा प्रती मागवल्या, सहाही तशाच पडून आहेत," लोरेटा गल्ल्यामागून म्हणाली. "बाबा रे, वर्षातून एखादं तरी पुस्तक आवडू दे की तुला!"

"मी काय करू? हिरोचं अर्धं तोंड शिवणीत गेलंय." अर्नीने बाईंच्या हातातल्या पुस्तकात एकशे बारावं पान काढलं. "आणि हे बघा. पूल जळतोय. माझ्याकडच्या अंकात मागचं आकाश मातकट जांभळं आहे. वादळाआधी सरोवरावर असतं ना, तस्सं. नऊ वर्षांचा होतो मी. महिनाभर तो अंक उशाखाली घेऊन झोपलो. आणि यांनी काय केलं? धुऊन पुसून निळंशार! ज्याने रंगवलं त्याच्या मेहनतीची काही चाड?"

"ज्याने नाही," बाई म्हणाल्या. "जिने."

अर्नीने मान वर केली.

"मी रंगवलंय ते. इर्मा डुडेक. तेव्हा आम्हा रंगवणाऱ्यांची नावं छापत नसत."

अर्नीला हसू आलं. असे दावे करणारे वर्षाकाठी दोघं-तिघं तरी दुकानात येत. पण बाईंनी पर्समधून प्लास्टिकच्या पिशवीतला एक कागद काढून त्याच्यासमोर धरला. पिवळा पडलेला कागद. त्यावर तोच पूल, त्याच ज्वाळा, कडेला कुठली शाई किती वापरायची याचे आकडे पेन्सिलीने लिहिलेले. मागचं आकाश निळं होतं. स्वच्छ निळं.

"हा माझा कच्चा कागद. पक्का प्रकाशकांच्या कपाटात असणार; हे पुस्तक काढताना कोणीतरी उघडून बघितला वाटतं," बाई म्हणाल्या. "छापखान्यात शाई बिघडली होती. एरवी दिवसाला दहा पानं उरकायचे मी, पण या एकाला दोन दिवस दिले होते. अंक हातात आला तेव्हा स्वयंपाकघरात बसून रडले."

अर्नीचे कान लाल झाले. त्याने कागद पुस्तकाशेजारी धरला, दूर धरला, पुन्हा जवळ आणला. मग तिथल्याच स्टुलावर बसला.

"म्हणजे पन्नास वर्षं मी बिघडलेल्या शाईच्या प्रेमात होतो?"

"आणि ते कोणाला तरी आवडलं होतं, हे मला आज कळतंय."

लोरेटाने पटकन तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलताना दिसत होते. अर्नीलाही मग हसू आवरेना. हसतहसतच तो उठला आणि फळीवरचं कार्ड ओढून काढू लागला. बाईंनी त्याचा हात धरला.

"फाडायचं कशाला? खाली दुरुस्ती लिही."

त्याने खिशातून पेन काढलं. बराच वेळ विचार केला. मग लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं: "आकाश निळंच हवं होतं. चूक माझी. मला मात्र अजूनही जांभळंच आवडतं."

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "खरं लिहिलंस."

पुस्तक त्यांनी काखेत मारलं आणि दोन पावलं गल्ल्याकडे गेल्या. मग थांबल्या.

"साठाव्या पानावरच्या हिरव्याबद्दल काहीच कसं लिहिलं नाहीस?"

अर्नी चाचरला. "तो... म्हणजे... कार्डावर जागा उरली नव्हती."

"कसा आहे तो?"

"खरं सांगू?"

"मग काय खोटं?"

"भयंकर आहे, बाई. सगळी माणसं पोट बिघडल्यासारखी दिसतात."

"दिसतातच," बाई समाधानाने म्हणाल्या. "आणि त्यात छापखान्याचा काही दोष नाही. तो हिरवा माझाच. दुसऱ्या दिवशी पानं द्यायची होती आणि मला सुचेचना काही."

लोरेटाने गल्ल्यावरून एक कोरं कार्ड पुढे सरकवलं. बाईंनी स्टूल जवळ ओढलं, चष्मा नाकावर नीट बसवला आणि अर्नीच्या पेनाकडे बोट दाखवलं.

"लिही. आणि नावानिशी लिही. डुडेक. शेवटी 'के' येतो, 'सी' नाही."